अंगावर लाल तीळ वाढतायत, आईलाही होते, मी काय समजू?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझं वय ४४. गेल्या काही वर्षांत पोटावर, छातीखाली आणि दंडावर लालभडक ठिपके यायला लागलेत. बरेचसे टाचणीच्या डोक्याएवढे, दोन-तीन जरा मोठे आणि हाताला लागणारे. दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून लक्ष दिलं नव्हतं. परवा आरशासमोर मोजले तर वीसच्या वर निघाले. माझ्या आईच्या अंगावर अगदी असेच होते आणि ती लिव्हरच्या कॅन्सरने गेली, त्यामुळे डोक्यातून ते जातच नाहीये. नेटवर वाचलं की लाल ठिपका काचेच्या ग्लासने दाबला आणि पांढरा पडला नाही तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. मी दाबून बघितलं, माझे पांढरे पडत नाहीत!! त्यात ब्राच्या पट्टीखालचा एक गेल्या आठवड्यात अचानक काळा झालाय. बहीण म्हणते दोरा बांध, गळून पडेल. मिस्टरांच्या पाठीवर पण आहेत, ते म्हणतात असू दे. मला रात्र रात्र झोप नाही. हा कॅन्सर आहे का? सगळ्या टेस्ट करून घेऊ का? आणि काढून टाकता येतात का?
– एक घाबरलेली वाचक

उत्तर:

ताई, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते, कारण रात्री जागणाऱ्या माणसाला उत्तरासाठी शेवटपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ते चेरी अँजिओमाचं आहे, ज्याला आपण बोलताना नुसतं लाल तीळ म्हणतो. हा कॅन्सर नाही, पुढे जाऊन त्याचा कॅन्सर होत नाही, आणि लिव्हरशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या पत्रात मला खरंच दखल घ्यावीशी वाटली ती एकच गोष्ट, तो काळा पडलेला ठिपका. तो पण बहुतेक साधाच निघेल, पण "बहुतेक" या शब्दावर मी तुम्हाला घरी बसवणार नाही, तो डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवायचा. त्यावर पुढे येतेच.

आता हे ठिपके असतात काय. आपल्या कातडीच्या वरच्या थरात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. एखाद्या जागी त्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी थोड्या जास्त वाढतात, वाहिन्या रुंद होतात, एकमेकीत गुंततात आणि तिथे रक्ताने भरलेला एक छोटासा पुंजका तयार होतो. बस, एवढंच. रक्त कातडीच्या इतकं जवळ असतं म्हणून तो रंग तसा टकटकीत लाल दिसतो. सुरुवातीला सपाट असतो, १ मिलिमीटरचा, नंतर हळूहळू वर येतो, गोल, गुळगुळीत, छोट्या घुमटासारखा. बहुतेक १ ते ५ मिलिमीटरमध्येच थांबतात, एखादा त्याहून मोठा होतो. रंग लालभडकपासून मरून, जांभळ्यापर्यंत काहीही असू शकतो, आणि सावळ्या किंवा गडद कातडीवर तर तो लाल दिसेलच असं नाही, काळपट जांभळाही दिसू शकतो, त्यामुळे लोक त्याला साधा तीळ समजून सोडून देतात किंवा उलट नको इतके घाबरतात.

येतात कधी, तर साधारण तिशीनंतर. चाळिशीत लक्षात यायला लागतात, पन्नाशीत वाढतात, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांत तर बहुतेकांच्या अंगावर ते असतात. बायकांना होतात, पुरुषांना होतात, तुमच्या मिस्टरांना झालेत ते पण हेच असणार (त्यांचं "असू दे" मला आवडलं, पण पाठ त्यांना स्वतःला दिसत नाही, तेव्हा अधूनमधून तुम्हीच नजर टाका). मुख्य जागा म्हणजे पोट, छाती, पाठ, दंड, खांदे. चेहऱ्यावर आणि तळहात-तळपायावर क्वचित. प्रेग्नन्सीमध्ये नवीन येऊ शकतात, काही घराण्यांत जास्त असतात. का येतात याचं मुख्य उत्तर वय हेच आहे. अलीकडे काही लाल तिळांच्या पेशींमध्ये जीएनएक्यू आणि जीएनए ११ या जीन्समध्ये बदल सापडलेत, पण तो बदल त्या ठिपक्यापुरता असतो, सगळ्या शरीरात नसतो, त्यामुळे जीन्स म्हटलं की लगेच पोरांच्या काळजीत पडू नका. काही केमिकल्सशी संपर्क आल्यावर एकदम भरपूर ठिपके उठल्याच्या नोंदी आहेत, ब्रोमाइड आणि मस्टर्ड गॅस ही त्यातली उदाहरणं, पण तो तुमचा प्रश्न नाही, तुमचे वर्षानुवर्षं एक-एक करत आलेत.

रक्त खराब झालंय, गरम पडतंय, पोट साफ नाही, असलं काहीही याच्या मागे नाही. रक्त शुद्ध करायच्या गोळ्या-काढ्यांनी हे जात नाहीत. कोणी विकत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

आता आईबद्दल. मला वाटतं तुमची झोप ठिपक्यांनी नाही, या एका जोडणीने उडवलीय: आईला हे होते, आईला तो आजार झाला, मला हे आहेत, म्हणजे मला तो आजार होणार. ही जोडणी मनात येणं अगदी साहजिक आहे, आपल्या माणसाच्या आजारपणात आपण त्याच्या अंगाकडे जितकं बघतो तितकं एरवी कधी बघत नाही, स्पंजिंग करताना, कपडे बदलताना प्रत्येक खूण डोळ्यात बसते आणि मग ती खूण आणि आजार मनात एकत्रच राहतात. पण तुम्ही एकट्या नाही, एका नामांकित सर्जनने हीच जोडणी केली होती. कॅम्पबेल डी मॉर्गन नावाचे इंग्लिश सर्जन होते, १८११ ते १८७६, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये. त्यांच्याकडे कॅन्सरचे पेशंट यायचे आणि त्यांच्या अंगावर हे लाल ठिपके दिसायचे, तर त्यांना वाटलं की ही कॅन्सरची खूण आहे. आजही डॉक्टरी पुस्तकांत या ठिपक्यांना डी मॉर्गन स्पॉट्स म्हणतात. पण त्यांचा तो अंदाज टिकला नाही. कॅन्सर झालेली माणसं बहुतेक वयस्कर होती, आणि वयस्कर माणसांच्या अंगावर ठिपके असतातच, कॅन्सर असो नसो. वॉर्डातल्या पेशंटना बघितलं तर ठिपके दिसणार, आणि वॉर्डाबाहेर पेशंटना भेटायला आलेल्या त्यांच्या वयाच्या ठणठणीत माणसांचे शर्ट वर करून बघितले असते तर तिथेही तेच दिसले असते.

तुमच्या आईचंही तसंच. त्यांच्या वयाच्या शेजारणीच्या, मैत्रिणीच्या, नणंदेच्या पोटावर पण हे ठिपके होतेच की, फक्त ते तुम्ही बघितले नाहीत. आईकडून तुमच्यात ठिपके येण्याचा कल आला असेल, ते शक्य आहे. त्या ठिपक्यातून आजार येत नाही. (लिव्हरच्या कॅन्सरची घरात हिस्टरी आहे हे मात्र तुमच्या फॅमिली डॉक्टरला सांगून ठेवा, त्याचं कारण काय होतं, हिपॅटायटिस बी किंवा सी होता का, सिरॉसिस (लिव्हर आतून कडक होऊन निकामी होत जाणं) होता का, हे विचारायला हवं, कारण ते कळलं तर तुमची तपासणी करायची का आणि कोणती हे ठरवता येतं. पण हा विषय स्वतंत्र, अंगावर एकही ठिपका नसता तरी मी हेच सांगितलं असतं.)

मग लिव्हर आणि लाल ठिपके हे नेटवर सारखं एकत्र येतं कशामुळे? तर तो दुसरा ठिपका आहे. त्याला स्पायडर नीव्हस म्हणतात. मधे एक बारीक लाल बिंदू आणि त्यातून चारी बाजूंना फुटलेल्या केसासारख्या लाल रेषा, कोळ्याच्या पायांसारख्या. मधल्या बिंदूवर पेनाचं टोक हलकं दाबलं की सगळ्या रेषा गायब होतात आणि सोडलं की मधूनच बाहेरच्या दिशेने परत भरतात, हे बघायला फार छान दिसतं खरं तर. हे चेहऱ्यावर, मानेवर, छातीच्या वरच्या भागावर, हातांच्या मागच्या बाजूला येतात. लिव्हर खूप बिघडलं की शरीरात इस्ट्रोजेन साठतं आणि हे वाढतात. पण गंमत म्हणजे लहान मुलांना, प्रेग्नंट बायकांना आणि अगदी धडधाकट माणसांनाही एखाद-दोन असतात, त्यामुळे एक दिसला म्हणून लिव्हर गेलं असं नाही. भरपूर असतील आणि सोबत डोळे पिवळे, पोट फुगलेलं, तळवे लाल, लघवी गडद, थकवा, असं काही असेल तर लिव्हर तपासायचं. तुमचे ठिपके गोल आहेत, त्यांना पाय नाहीत, आणि पोटावर जास्त आहेत. हा तो प्रकार नाही.

आता ग्लासची टेस्ट. इथे नेटने तुमचा सगळ्यात मोठा घोटाळा केलाय म्हणून जरा सविस्तर सांगते. ती टेस्ट खोटी नाही, चुकीच्या जागी वापरली गेलीय. कातडीवर लाली दोन प्रकारांनी येते. एक म्हणजे रक्त वाहिन्यांच्या आतच आहे पण वाहिन्या फुगल्यात, उदाहरणार्थ अंगावर उठलेलं पित्त, उन्हाने लाल झालेली कातडी. तिथे दाबलं की रक्त बाजूला सरकतं आणि जागा फिकी पडते. दुसरी म्हणजे रक्त वाहिनीतून बाहेर कातडीत झिरपलंय, ते दाबून कुठे जाणार, म्हणून रंग तसाच राहतो. त्या बारीक, सपाट ठिपक्यांना पेटेकी म्हणतात. ते प्लेटलेट्स कमी झाल्यावर येतात, काही इन्फेक्शनमध्ये येतात, जोरात खोकल्यावर किंवा उलट्या झाल्यावर पापण्यांभोवती येतात. ताप आहे, अंगावर अचानक ठिपके उठलेत, ग्लास दाबून जात नाहीत, माणूस गळून गेलाय, मान आखडलीय किंवा गुंगीत आहे, तर मात्र गुगल बंद करायचं आणि सरळ इमर्जन्सीत जायचं, कारण मेनिंगोकॉकल इन्फेक्शनसारख्या (मेंदूच्या आवरणाला आणि रक्ताला होणारा जंतुसंसर्ग) आजारात तासांचा प्रश्न असतो. ती ग्लासची टेस्ट या आजारी माणसासाठी आहे.

आणि लाल तिळाचं काय होतं, तर त्यात रक्त वाहिन्यांच्या आतच असतं, पण त्या वाहिन्या इतक्या गच्च गुंतलेल्या असतात की दाबल्यावर रक्त पटकन सरकत नाही, म्हणून थोडासा फिका पडतो किंवा अजिबात पडत नाही. म्हणजे टेस्टच्या भाषेत तो "फेल" होतो, आणि वाचणाऱ्याची गाळण उडते. तुमचं नेमकं हेच झालंय. तेव्हा तो ग्लास आता खाली ठेवा, या ठिपक्यांसाठी तो उपयोगाचा नाही.

त्याऐवजी हे बघा. डोळे मिटून ठिपक्यावरून बोट फिरवा. लाल तीळ थोडा मोठा झाला की हाताला लागतो, पेटेकी कधीच लागत नाही, ती कातडीच्या आत असते. मग वेळ बघा. पेटेकी काही तासांत किंवा एका रात्रीत घोळक्याने येतात, बऱ्याचदा पायांवर, आणि पुढच्या दिवसांत लालचे जांभळे, जांभळ्याचे तपकिरी होत पुसट होऊन जातात. लाल तीळ एक-एक करून येतो, वर्षांच्या हिशोबाने, आणि आला की मुक्काम ठोकतो, जात नाही. गेल्या वर्षीच्या एखाद्या फोटोत तुमचा दंड दिसत असेल तर झूम करून बघा, त्यातला एखादा तिथे तेव्हाही सापडेल. हा पुरावा कुठल्याही ग्लासपेक्षा चांगला.

बाकी लाल दिसणारं बरंच काही असतं, ते पटकन सांगते. घामोळ्या खाजतात आणि हवा बदलली की जातात. केसाच्या मुळाशी पू असलेला पुटकुळीसारखा लाल ठिपका म्हणजे फॉलिक्युलायटिस, शेव्हिंग-वॅक्सिंगनंतर होतो. दंडाच्या मागच्या बाजूला खरखरीत बारीक लालसर दाणे म्हणजे केराटोसिस पिलारिस, तो पण निरुपद्रवी. वयस्कर माणसांच्या हातावर जरा काही लागलं की जांभळे डाग पडतात, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, ते वेगळं.

कुठला लाल ठिपका सिरियसली घ्यायचा, तर जो बदलतोय तो. काही आठवड्यांत भराभर वाढलेला, ओलसर, थोडा धक्का लागला की भळाभळा रक्त येणारा लाल गोळा बहुतेक पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असतो, बोटांवर, ओठांवर, हिरडीवर होतो, प्रेग्नन्सीत जास्त, तो कॅन्सर नाही पण बहुतेक वेळा काढावा लागतो आणि काढल्यावर लॅबला पाठवायचा असतो. महिना झाला तरी न भरणारी, खपली धरून परत रक्त येणारी जखम दाखवायचीच, तिथे बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, नाही ना हे बघावं लागतं. आणि मेलानोमा, म्हणजे कातडीचा जास्त धोकादायक कॅन्सर, नेहमी काळाच असतो असं नाही, गुलाबी-लाल मेलानोमा पण असतो, तो क्वचित असतो पण असतो. लक्षात ठेवायला सोपं: वर आलेला, हाताला टणक लागणारा, आणि आठवड्या-आठवड्याला वाढत असलेला, हे तिन्ही एकत्र असेल तर थांबायचं नाही. अजून एक, कोणाला अगदी थोड्या दिवसांत अंगभर असे ठिपके फुटले तर ते पण दाखवावं, वीस वर्षांत वीस आणि महिन्याभरात वीस यात फरक आहे.

आता तुमचा काळा ठिपका. लाल तिळाच्या आत रक्त साचलेलं असतं, ब्राच्या पट्टीचं रोज घर्षण, कधी नख, कधी टॉवेल, यात आतलं रक्त गोठतं. गोठलं की रंग बदलून काळपट जांभळा होतो, कधी पूर्ण काळा. थोडा टणक लागतो, कधीकधी दोन दिवस हुळहुळतो. तुमचा तो अगदी रोज घासल्या जाणाऱ्या जागी आहे, त्यामुळे माझा अंदाज हाच आहे. पण साध्या डोळ्यांना गोठलेला लाल तीळ आणि काळा मेलानोमा हे दोन्ही काळेच दिसतात, आणि पत्रातून तर मला डोळेही नाहीत. फोटो पाठवू का असं विचारू नका, मोबाइलच्या फोटोवर मी हो-नाही सांगणार नाही.

स्किनच्या डॉक्टरांकडे डर्मोस्कोप असतो, हातात मावणारं भिंग, साधारण दहा पट मोठं दाखवणारं, सोबत त्याचा स्वतःचा लाइट. ते ठिपक्यावर टेकवलं की मग खरी मजा असते. साध्या डोळ्याला जो एकसंध लाल थेंब वाटतो तो आत वेगवेगळ्या गोल-लांबट लाल तळ्यांचा बनलेला दिसतो, एकाला एक चिकटलेली तळी, मधे पांढुरक्या बारीक भिंती, काही तळी लालभडक, काही जांभळट. हे चित्र एकदा दिसलं की शंका उरत नाही. गोठलेला असेल तर त्यातली काही तळी निळसर काळी दिसतात आणि कडेला बऱ्याचदा एखादं लाल तळं शिल्लक असतं. तपासणी मिनिटभराची, सुई नाही, दुखणं नाही. बघून खात्री नाही झाली तर डॉक्टर तो ठिपका सुन्न करून काढतील आणि बायोप्सीला, म्हणजे लॅबमध्ये तपासायला, पाठवतील, तेव्हा "बायोप्सी" ऐकून हातपाय गाळू नका, ती शंका मिटवायला असते. याच आठवड्यात किंवा पुढच्या आठवड्यात जा, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत धावायची गरज नाही.

टेस्टचं विचारलंत. लाल तिळासाठी कुठलीही रक्ताची टेस्ट लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नको, एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नको, पोटाची सोनोग्राफी नको, फुल बॉडी चेकअपचं पॅकेज तर नकोच नको. घाबरून केलेल्या वीस टेस्टमध्ये एखादा आकडा रेंजच्या जरा बाहेर येतोच आणि मग त्या आकड्याची नवी काळजी सुरू होते. हां, पेटेकी असते तर सीबीसी करून प्लेटलेट्स बघितल्या असत्या, नॉर्मल रेंज दीड ते साडेचार लाख, पण तुम्हाला पेटेकी नाहीत. आईच्या हिस्टरीवरून फॅमिली डॉक्टरने काही सुचवलं तर ते करा, ते कारण वेगळं.

बहिणीला सांगा, दोरा नाही. दोरा बांधायचा सल्ला लोक देठ असलेल्या मस्स्यासाठी देतात, तिथेही मी नको म्हणते, आणि लाल तिळाला तर देठच नसतो, तो बुडाला रुंद असतो, दोरा कशाला बांधणार? ओढाओढीत फुटेल आणि रक्त येईल. व्हिनेगर, लसूण, टूथपेस्ट, आयोडीन, यातलं काहीही लावू नका, ठिपका तिथेच राहतो आणि भोवतीची कातडी भाजते, वर काळा डाग पडतो जो ठिपक्यापेक्षा जास्त दिसतो. ऑनलाइन "तीळ घालवणारी" जी मलमं मिळतात, लावलं की काळी खपली धरते आणि पडते, ती सगळ्यात वाईट. ती कातडी जाळतात, चांगली-वाईट असा भेद करत नाहीत, आणि खरंच एखादा कॅन्सर असेल तर वरचा भाग जळून जातो, आतला तसाच वाढत राहतो आणि निदान करायला वर काही उरतच नाही. त्याच कारणाने पार्लरमध्ये मशीनने काढून घेऊ नका. आधी हे काय आहे ते डॉक्टरने बघायचं आणि मग काढायचं, उलटं नाही.

चुकून नख लागून किंवा वॅक्सिंगमध्ये एखादा फुटला तर रक्त जरा जास्तच येतं, ठिपक्याच्या मानाने, त्याने घाबरायला होतं. स्वच्छ कापड ठेवून बोटाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. सलग म्हणजे सलग, दर मिनिटाला उचलून थांबलं का बघायचं नाही, लोक तिथेच गडबडतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ लागतो. नीट दाबूनही वीस-पंचवीस मिनिटांत थांबत नसेल तर डॉक्टरकडे जा.

काढता येतात का? येतात, आणि अगदी सहज. पण काढायलाच हवेत असं नाही. माझं मत विचाराल तर रोज घासणारे, रक्त येणारे तेवढे काढावेत, बाकीचे मनाला खुपत असतील तरच. त्यासाठी स्वतःला लाजायची गरज नाही, दिसायला नको वाटतात हे पण कारण असू शकतं.

पद्धती तीन-चार आहेत. इलेक्ट्रोकॉटरीमध्ये जागा सुन्न करून बारीक सुईच्या टोकाने ठिपका जाळतात, छोट्या ठिपक्याला काही सेकंद लागतात, खपली धरते आणि आठवडा-दहा दिवसांत पडते. लेसरमध्ये पल्स्ड डाय लेसर, ५९५ नॅनोमीटरचा, किंवा केटीपी, ५३२ नॅनोमीटरचा, वापरतात, हा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, वाहिनी आतून तापते आणि बंद पडते, वरची कातडी त्यामानाने वाचते. क्रायोमध्ये उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनने गोठवतात, पण सावळ्या कातडीवर त्याने पांढरा डाग राहू शकतो म्हणून मी ते शेवटी ठेवते. आणि मोठा, वर आलेला किंवा शंका असलेला ठिपका ब्लेडने वरच्यावर काढून लॅबला पाठवता येतो, तुमच्या काळ्या ठिपक्याला गरज पडलीच तर बहुतेक हेच करतील.

दोन गोष्टी डॉक्टरला आधीच सांगा. एक, तुमची कातडी सावळी असेल आणि लागल्यावर काळे डाग बरेच महिने राहत असतील तर आधी एकाच, कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या ठिपक्यावर करून बघायला सांगा, तो कसा भरतो ते बघून बाकीचे. दुसरी, कान टोचल्यावर किंवा जुन्या टाक्यांवर जाड गाठीसारखा व्रण आला होता का. तसा आला असेल तर छातीवर आणि खांद्यावर काहीही करायच्या आधी विचार करावा लागतो, तिथे कीलॉइड येण्याची शक्यता जास्त. नंतर खपली ओढायची नाही आणि उघड्या जागेला सनस्क्रीन लावायचं. आणि हे पण मनात ठेवा की काढलेला गेला तरी नवीन येणं थांबत नाही, दोन वर्षांनी शेजारी दुसरा दिसला तर लेसर फेल गेला असं समजून त्या डॉक्टरशी भांडू नका.

ठिपके रोज मोजणं मात्र आजपासून बंद. त्याऐवजी एकदा दिवसाच्या उजेडात मिस्टरांकडून पोट, छाती, पाठ यांचे फोटो काढून घ्या, ठिपक्याशेजारी फूटपट्टी धरून, आणि तीन-चार महिन्यांनी परत तसेच. मधे बघायचं नाही. त्यात एखादा इतरांपेक्षा वेगळाच दिसायला लागला, आकार, रंग, कडा बदलली, तर तेवढा दाखवायचा, बाकीच्यांकडे दुर्लक्ष.

अपॉइंटमेंटच्या दिवशी अंगाला पावडर किंवा तेल लावून जाऊ नका, भिंगातून नीट दिसत नाही. सैल, समोरून उघडणारे कपडे घाला म्हणजे सगळं अंग बघणं सोपं जातं, लाजून फक्त एकच ठिपका दाखवून परत येऊ नका, पाठ पण बघायला सांगा. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते लिहून न्या. आणि काळा ठिपका पटकन सापडावा म्हणून पेनाने खूण करायची असेल तर शेजारी करा, ठिपक्यावर नाही, शाई पुसण्यात डॉक्टरची दहा मिनिटं जातात.